अकरापर्यंत कुलूप

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं. होळी होऊन चार दिवस झाले होते, बालवाडीत अजून दुष्काळातल्यासारखीच सुकडीची पोती येत होती, आणि जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत सकाळी नऊलाच ऊन भिंतींवरून खाली उतरायला लागलं होतं. त्या मंगळवारी, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत, लिंबाखाली उभ्या असलेल्या कौसल्येच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. बसून आल्या असत्या तर नवल नव्हतं. पण ती उभी होती. उभी काय, पाच मिनिटांपूर्वी तर ती पदर खोचून एका चार वर्षांच्या पोराच्या मागं पळत होती. तिशीची बाई, बालवाडीची मास्तरीण, अशी पळते म्हणून जिनिंगचा म्हातारा राखणदार रोज तेवढा वेळ तोंड फिरवून बसायचा. कौसल्येला त्याचं काही वाटत नसे. आपण काय करतो आणि का करतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या मुंग्या तिला ओळखीच्या असूनही पहिल्यांदा ओळखू आल्या नाहीत.

झालं होतं ते इतकंच. चौदा लेकरं अंगणात होती. अंगणात म्हणजे त्या एवढ्या मोठ्या जागेत, जिचं काय करावं हे कौसल्या येईपर्यंत बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. जिनिंग चालू असताना कापसाच्या गाड्या तिथं सुटायच्या. त्यातली एक, चाकं गेलेली, जू मोडलेलं, तशीच पडून होती. कौसल्येनं मंडळाकडं फार काही मागितलं नाही. मुरमाचा एक ढीग, फुटक्या घागरींच्या खापऱ्या, लिंबाच्या फांदीला बांधायला विहिरीचा जुना नाडा, पाण्यानं भरलेलं एक घमेलं. बाकी गाडी होतीच. बालसेविकांच्या शिबिरात याला मुक्तखेळ म्हणत. बाईनं शिकवायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं डोळे उघडे ठेवून हजर राहायचं. लेकरू चढेल, पडेल, उठेल, भांडेल, पुन्हा चढेल. बाकीची सोळा लेकरं तेव्हा बालवाडीच्या पत्र्याच्या खोलीत होती आणि मदतनीस साळूबाई त्यांच्याकडून गाणं म्हणवून घेत होती. गाणं पत्र्यावर आपटून बाहेर येत होतं. आणि फाटकातून गिरिजाबाई आत आली. मोंढ्यात धान्य पाखडायच्या कामाला निघालेली, काखेत सूप, डोक्यावरून पदर. नातीला बघायला वाकडी वाट करून आली असणार. ती थबकली. तिनं अंगणातल्या लेकरांकडं पाहिलं, मग खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग पुन्हा लेकरांकडं. आणि सरळ गाडीपाशी जाऊन तिनं नातीला, विशाखाला, दंडाला धरून खाली उतरवलं.

‘‘लेकरू बाहेर काढलं व्हय माझं?’’

‘‘माय, खेळायला काढलंय,’’ कौसल्या हसत म्हणाली. ‘‘बघा तरी कशी चढती ती.’’

‘‘आन् ते? ते आत काहून?’’

‘‘त्यांची पाळी मागून. दोन गट केलेत.’’

‘‘गट,’’ गिरिजाबाई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं आणि बोटानं दाखवत गेली, घाई न करता, धान्यातले खडे दाखवावेत तसं. ‘‘ही इशाखा. हा भिवाचा. ही चांगुणाची. ती चांगुणाचीच. त्यो गोठ्यापलीकडचा. मोज ना बाई. एक तरी पेठेतलं हाय का यांच्यात? सगळी आपलीच बाहेर. बराबर आपलीच.’’

कौसल्येनं मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. नदीकाठच्या वस्तीतली, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतली चौदाच्या चौदा लेकरं उन्हात उभी होती, आणि आतून सोळांचं गाणं येत होतं. तेव्हा त्या मुंग्या आल्या.

तिनं हे मुद्दाम केलं नव्हतं. एवढंच असतं तर तिला स्वतःला माफ करता आलं असतं. पण ती आठवत गेली, की सकाळी आपण काय म्हणालो होतो. प्रत्येक लेकरू घरून आपलं बस्कर आणायचं, पोत्याचा तुकडा नाहीतर गोधडीचा. हा नियम कुणी केला हे कुणी सांगितलं नसतं; मंडळाच्या बायका म्हणायच्या, फरशी गार लागते. बस्कर घरचं, म्हणजे कोण कुणाशेजारी बसलं हा प्रश्नच निघत नव्हता. पेठेतल्या आया लवकर येत आणि आपलं बस्कर आतल्या भिंतीला टाकून जात. वस्तीतल्या बाया मजुरीला जाता जाता लेकरू सोडत, ते दारापाशी बसे. रोज असंच. कौसल्या रोज ते बघत होती, आणि तिच्या मनात होतं की हे आपण अंगणात मोडू. अंगणात बस्कर नसतं. मोठ्या खात्रीनं तिनं हे ठरवलं होतं. फक्त तीस लेकरं एकट्या बाईला एकदम सांभाळता येणार नाहीत, दोन गट करा, असं शिबिरात सांगितलं होतं म्हणून ती म्हणाली, ‘‘चला, दाराजवळच्या दोन ओळी बाहेर.’’

दाराजवळच्या दोन ओळी. तिच्या गावच्या, आष्टीच्या शाळेत गुरुजी वेगळं काय म्हणायचे? पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण शाळेचा ओटा होता तिथंच होता. ओट्यावर, खिडकीच्या खाली, कौसल्या आणि आणखी तीन पोरं. खिडकी उंच होती. फळा दिसत नसे, गुरुजींचा आवाज मात्र येई, आणि पाढे आवाजावरून पाठ होतात. आत टाळ्या वाजल्या की कशासाठी वाजल्या हे तिला कळत नसे. मधली सुट्टी झाली की आतली पोरं धाडधाड बाहेर येत आणि शाळेपुढचं मैदान त्यांचं होई. ती तेव्हाही ओट्यावरच. पळणाऱ्या पोराचा धक्का लागला तर तक्रार व्हायची, आणि तक्रार झाली की वडलांना, पुंजारामला, चावडीत हात जोडून उभं राहावं लागायचं. म्हणून पुंजारामनं तिला शिकवून ठेवलं होतं, ‘‘हालायचं न्हाई. बिलकुल हालायचं न्हाई.’’ ती हलली नाही. तीन वर्षं. पाय दुमडलेले, त्यांच्यावरून मुंग्या चढत गुडघ्यापर्यंत येत, मग कमरेपर्यंत, मग पाय आपले नसल्यासारखे व्हायचे आणि ती मैदानातल्या पोरांचे पाय बघत बसायची. किती प्रकारचे पाय असतात! पुढं नवे गुरुजी आले, त्यांनी चौघांना हाताला धरून आत बसवलं. पुढं वडलांनी दीक्षा घेतली, ती सातवी झाली, मॅट्रिक झाली. पण पळणं राहून गेलं. बालसेविकेच्या शिबिराला ती औरंगाबादला गेली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिथं पहिल्याच सकाळी सगळ्या जणींना मैदानावर उभं करून सांगितलं, लगोरी खेळा. बाकीच्या हसत हसत पळाल्या. कौसल्या जागची हलली नाही. पाय उचलतच नव्हते. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं लाजतेय. त्यांनी तिचा हात धरला आणि ओढलं, आणि पाच-सहा पावलं पडल्यावर तिच्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं, की ती मैदानाच्या टोकापर्यंत पळत गेली आणि कुंपणाला धरून रडली. त्या दिवशी ठरलं. लेकरं वाचायला सहाव्या वर्षी शिकतील, सातव्या वर्षी शिकतील. पळायला मात्र त्यांनी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच शिकलं पाहिजे, कुणी मना करायच्या आत.

आणि आता गिरिजाबाईनं नातीला घरी नेलं नव्हतं. घरी नेलं असतं तर सोपं होतं. ती विशाखाला खोलीत घेऊन गेली, तिचं बस्कर दाराजवळून उचललं, खोलीच्या बरोबर मधोमध टाकलं, तिला त्यावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर सूप मांडीत घेऊन बसली. साळूबाईचं गाणं अर्ध्यावर थांबलं.

‘‘म्हण ना गं,’’ गिरिजाबाई तिला म्हणाली. ‘‘आता माझं लेकरू बी ऐकून राह्यलं.’’

विशाखा ऐकत नव्हती. ती दारातून गाडीकडं बघत होती आणि ओठ काढून रडत होती.

बुधवारी वस्तीतली सहा लेकरं खोलीतून बाहेर निघाली नाहीत. गिरिजाबाईनं घरोघर सांगितलं होतं. गुरुवारी चौदाही आत, म्हणून कौसल्येनं पेठेतली लेकरं बाहेर काढली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कापडदुकानवाल्या रामरावांची सून तुळजाबाई आपल्या शिवकन्येला सोडायला आली, तिनं बघितलं की वस्तीतली लेकरं सावलीत बसली आहेत आणि आपल्या पेठेतली मुरमात. ‘‘बाई, हे बरंय! त्यांची आत आन् आमची उन्हात? शिवी, चल आत.’’ तिच्यामागं गोजरबाई, गोजरबाईमागं बाकीच्या. दहाच्या ठोक्याला अंगणात कुणी उरलं नव्हतं. नाडा फांदीला नुसता लोंबकळत होता. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत तीस लेकरं, आणि त्यातही पेठेतली भिंतीला आणि वस्तीतली मधे, दोन्हींमध्ये वितभर फरशी मोकळी सोडून. जागा नाही म्हणून लेकरं एकमेकांना चिमटे काढत होती, पण बस्कर सोडत नव्हती. दोघं झोपून गेली होती. एकानं जागेवरच केली होती. पत्रा तापला तसा घामाचा आणि सुकडीचा आंबूस वास दाटला.

‘‘ही बालवाडी हाय का मोंढ्यातली थप्पी?’’ साळूबाई कपाळ पुसत म्हणाली. ‘‘आणखी दोन पोती आली तर वर रचावी लागतील बघा, बाई.’’

कौसल्येला हसू आलं. मग तिनं लेकरांचे पाय पाहिले. साठ पाय, सगळे दुमडलेले. एकही हलत नव्हता.

त्याच दिवशी मंडळाच्या कांताबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या; घाबरट होत्या. नाकाला पदर लावून दारातूनच बोलल्या, ‘‘कौसल्याबाई, सोमवारी औरंगाबादहून तपासणीला येऊन राह्यले. मला सगळी लेकरं एका जागी दिसली पाहिजेत. न्हाई तर मंडळ बालवाडी बंद करणार, सांगून ठेवते. आमच्या मेंबर बायका आधीच तयार बसल्यात. सरळ आतच बसवून टाका ना. खर्चा न्हाई, कटकट न्हाई, कोणी पडत न्हाई.’’

‘‘एका जागी दिसतील,’’ कौसल्या म्हणाली. ‘‘बाहेर.’’

‘‘अहो पण कशी? कोण पाठवणार?’’

‘‘ते मी बघते.’’

कांताबाईंनी नाकावरचा पदर काढला. हिला एवढा भरवसा कुठून येतो, असं त्यांच्या तोंडावर होतं. कौसल्येलाही सांगता आलं नसतं. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं. आत बसवणं सोपं होतं. एक शब्द म्हटला की झालं. मंडळ खूष, पेठ खूष, वस्तीही खूष, आणि तपासणीवाले हाताची घडी घातलेली तीस लेकरं बघून शेरा लिहितील, शिस्त उत्तम. कोणीसुद्धा तिला नाव ठेवणार नव्हतं. आणि दोन-तीन वर्षांनी ती लेकरं शाळेत जातील तेव्हा त्यांचे पाय आष्टीच्या ओट्यावरच्या पायांसारखे झालेले असतील, पेठेतल्यांचेही. हे तिला इतकं लख्ख दिसत होतं, की दुसऱ्या वाटेचा तिनं विचारच केला नाही.

दुपारी ती कुंडलिकेच्या काठच्या वस्तीत गेली. नदीत पाणी नव्हतं, नुसते दगड तापले होते. गिरिजाबाई कुडाच्या सावलीत ज्वारी पाखडत होती. बालवाडीच्या उंबऱ्यावर बसायचं म्हणून तीन दिवस ती मोंढ्यात गेली नव्हती. तिनं हात थांबवला नाही. ‘‘बस,’’ म्हणाली. विशाखा पलीकडं दगडावरून दगडावर उड्या मारत होती. आज्जीचं तिच्याकडं लक्ष होतं, आणि ती तिला अडवत नव्हती, हे कौसल्येनं पाहून ठेवलं.

‘‘माय, मीबी बाहेर बसलेली हाय,’’ कौसल्या म्हणाली. घरची बोली आपोआप तोंडात आली. ‘‘आष्टीला. तीन वर्षं.’’

सूप थांबलं. ‘‘मंग तर तुला कळाया पाह्यजे व्हतं.’’

‘‘व्हय. चुकलं माझं.’’

गिरिजाबाई काहीतरी जोरात बोलायच्या तयारीत होती. चुकलं असं बाईमाणूस, शिकलेलं, पायात चपला असलेलं, तिच्या सावलीत येऊन म्हणेल याची तिला सवय नव्हती. तिनं दोन-तीनदा सूप उगीच झटकलं. मग म्हणाली, ‘‘माझा साहेबराव सहा म्हईने बसला. पावसाळा व्हता. पाटी भिजायची म्हणून पोटाशी धरून बसायचा. एक दिवस गेलाच न्हाई. म्या मारला त्याला, तरी न्हाई गेला. आता पोती उचलतो. तुझ्या शाळेत आत घेतात म्हणले म्हणून तर म्या इशाखाला धाडली. आत घेतात म्हणून. खेळायला काय, इथं न्हाई का दगडं?’’

साहेबराव, तिचा मुलगा, विशाखाचा बाप, मोंढ्यातून तेव्हाच आला होता. खांद्यावर हमालीचं पोतं, केसांत भुसा. त्यानं रांजणातून पाणी घेतलं, अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं.

‘‘माय, जाऊ दे ना. किती ताणती.’’

‘‘तू बस गुमान. तुझ्यापायीच चाललंय हे.’’

‘‘दादा,’’ कौसल्येनं त्याला विचारलं, ‘‘तुम्हाला बाहेर बसायचं कसं वाटायचं?’’

हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं तांब्या रांजणावर पालथा घातला. ‘‘बाहेरचं काय न्हाई वाटायचं,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेर वारा असतो. चिमण्या असतात. आत काय चाललंय ते दिसायचं न्हाई, त्याचं वाटायचं. आपल्याला सोडून आत काय तरी चाललंय.’’

कौसल्या उठून उभी राहिली. पायांत मुंग्या नव्हत्या. खिडकीखालची ती, आतल्या टाळ्या, उंच गज, सगळं तिला एकदम समोर दिसलं, आणि त्यात मैदान कुठंच दोषी नव्हतं. ‘‘माय,’’ ती म्हणाली, ‘‘उद्या जल्दी या. साडेआठला. मोंढ्यात जाऊ नका.’’

‘‘आठ दिवस न्हाई गेले तरी चालंल. उंबरा सोडणार न्हाई म्या.’’

‘‘सोडू नकाच.’’

घरी जाताना तिनं पेठेतून एक कुलूप घेतलं. पितळी, हाताएवढं, धान्याच्या कोठाराला लावतात तसलं. खोलीला कडी होती, पण तिला कुलूप कधी लागलं नव्हतं. आत चोरायला काय होतं, सुकडी? दुकानदारानं विचारलंही, ‘‘बाई, बालवाडीला कुलूप?’’ ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘बालवाडीलाच.’’

शुक्रवारी साडेआठला ती दारात उभी राहिली आणि येणाऱ्या एकाही लेकराला तिनं आत जाऊ दिलं नाही. ‘‘बस्कर इथं ठेवा, लिंबाखाली. एकावर एक.’’ पेठेतलं आणि वस्तीतलं, पोतं आणि गोधडी, एकावर एक ढीग होत गेला. दोन गट नाहीत. तीसला तीस. साळूबाईला तिनं मुरमाच्या ढिगापाशी उभं केलं, स्वतः नाड्यापाशी. सांभाळणं होईल का? होईल. मग तिनं गिरिजाबाईला बोलावलं.

‘‘माय, आत जाऊन बघा. कोणी राह्यलं का.’’

गिरिजाबाईनं तिच्याकडं संशयानं पाहिलं आणि आत गेली. तिनं सगळं बघितलं. सुकडीच्या पोत्यांमागं बघितलं, फळ्यामागं बघितलं, कपाटाचं दार उघडून बघितलं. बाहेर अंगणात ओरडा सुरू झाला होता. खोली रिकामी होती. इतकी रिकामी, की तिची पावलं वाजली. ती बाहेर आली.

‘‘कोणी न्हाई.’’

‘‘मंग लावा.’’ कौसल्येनं कुलूप तिच्या हातात दिलं. ‘‘किल्ली तुमच्याकडं. अकरा वाजेपर्यंत कुणी म्हणजे कुणी आत जाणार नाही. मी म्हटलं तरी नाही.’’

म्हातारीनं कडी घातली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. किल्ली तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि ती गाठ कमरेला खोचली. मग उंबऱ्यावर नाही, उंबऱ्याकडं पाठ करून, पायरीवर बसली. तोंड अंगणाकडं. विशाखा तिच्याकडं पळत आली. ‘‘आजे, मी जाऊ?’’ तिनं नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा.

साडेनऊला तुळजाबाई आली. शेजारणींनी सांगितलं असणार. तिला बंद दार दिसलं, कुलूप दिसलं, आणि मग गाडी दिसली. गाडीवर विशाखा उभी होती, हातात लिंबाची फोकाटी. गाडीला जुंपलेल्या बैलांपैकी डावा बैल शिवकन्या होती. रामरावांची नात. परकर खोचलेला, गुडघे मातीनं माखलेले, तोंडातून फेस काढायचा प्रयत्न चाललेला.

‘‘शिवे! अगं भवाने! बैल होती का तू?’’

‘‘आई, पुढच्या खेपेला मी हाकणार हाय!’’ बैल ओरडला. ‘‘आम्ही आष्टीच्या बाजारला चाललोत!’’

तुळजाबाई कौसल्येकडं वळली. ‘‘बाई, दार उघडा. तिला आत बसवा. सासरे काय म्हणतील मला?’’

‘‘किल्ली माझ्याकडं नाही, ताई. गिरजामायकडं आहे.’’

तुळजाबाई पायरीकडं चार पावलं गेली आणि थांबली. दोघींत हातभर अंतर. किल्ली म्हातारीच्या पदराच्या गाठीत होती. मागायची तर बोलावं लागणार होतं, घ्यायची तर हात पुढं करावा लागणार होता. कौसल्या नाडा धरून उभी होती. फांदी वर करकरत होती. तिला वाटलं, आता जे होईल त्यावर सोमवारच काय, सगळंच अवलंबून आहे, आणि तरी तिला भीती वाटत नव्हती. तिला फक्त लेकरांचे पाय ऐकू येत होते.

‘‘अकराला उघडते,’’ गिरिजाबाई म्हणाली. ‘‘आत कोणी न्हाई, बाई. म्या बघितलंय. ना तुमचं, ना आमचं.’’ आणि जराशी सरकून तिनं पायरीवरची सावली मोकळी केली. ‘‘तवर बसा की. ऊन लागंल.’’

तुळजाबाई पायरीवर बसली नाही. एवढं काही त्या दिवशी झालं नाही. ती पायरीच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. पण ती गेलीही नाही. शिवकन्या गाडीवर चढली, हाकू लागली, पडली, गुडघा फुटला. तुळजाबाई धावली तेव्हा पोर उठून पुन्हा चढलीही होती, आणि विशाखा बैल होऊन खाली वाकून म्हणत होती, ‘‘जल्दी चढ ना गं, बाजार उठून जाईल.’’

‘‘रगत आलं की गं तिला,’’ तुळजाबाई म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही अशी.

‘‘माती लावा,’’ गिरिजाबाई म्हणाली. ‘‘ऱ्हातं.’’

अकराला कुलूप निघालं. लेकरं तहानेनं आणि दमून अशी आत घुसली, की कोणाचं बस्कर कोणाखाली गेलं हे साळूबाईलाही लावता आलं नाही. तिनं लावायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

तुळजाबाईनं शनिवारी शिवकन्येला पाठवलं नाही. सोमवारी पाठवलं; पोरीनं घरात दीड दिवस जेवण टाकलं होतं. सोमवारी दहा वाजता तपासणीचे साहेब आले, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि कांताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘गिरिजाबाई, अहो साहेब आलेत, उघडा ना.’’ ‘‘अकराला,’’ गिरिजाबाई म्हणाली. साहेब तासभर लिंबाखाली उभे राहिले. त्यांनी वहीत काय लिहिलं ते कांताबाईंनी नंतर वाचून दाखवलं: ‘वर्ग बंद आढळला. सर्व तीस मुले मैदानावर आढळली.’ शेरा चांगला की वाईट हे शेवटपर्यंत कुणाला ठरवता आलं नाही, म्हणून मंडळानं बालवाडी चालू ठेवली.

बस्करं आणखी वर्षभर घरूनच येत राहिली. मग एका पावसाळ्यात ती सगळी ढिगातच कुजली, आणि मंडळानं एक लांब जाजम घेतलं. कांताबाई पुढं दहा वर्षं मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि प्रत्येक भाषणात ‘आमचं मैदान’ म्हणायच्या. साळूबाईला दमा लागला; तरी ती मुरमाच्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसायची, आणि तिथूनच एकेकाला नावानं हाका मारायची. तुळजाबाईनं त्यानंतर आणखी दोन लेकरं त्याच बालवाडीत घातली. पायरीवर ती कधी बसली का, हे विचारलं तर ती हसून विषय बदलायची. शिवकन्येचं लग्न परतूरला झालं. तिच्या डाव्या गुडघ्यावर वण आहे, आणि तो कशाचा हे तिनं आपल्या नातवंडांना इतक्या वेळा सांगितलंय की ती पोरं गाडी-बैल खेळताना उगीच गुडघ्यावर लाल शाई लावून घेतात. विशाखा विजेच्या ऑफिसात लागली, खांबावर चढणाऱ्या माणसांच्या याद्या ठेवायला. स्वतःही एकदा चढली होती म्हणे, पैजेवर. कौसल्या त्याच खोलीतून निवृत्त झाली. आता तिचे गुडघे दुखतात. पाय दुमडून तिला बसता येत नाही, आणि त्याचं तिला जराही दुःख नाही.

गिरिजाबाई सात वर्षं रोज कुलूप लावत राहिली. आधी खोलीत फिरून, पोत्यांमागं बघून, मगच. अडुसष्टाव्या वर्षी ती गेली. चार दिवसांनी सकाळी साहेबराव बालवाडीत आला. लेकरं नुकतीच अंगणात सुटली होती. त्याच्या मुठीत साडीचा फाडलेला तुकडा होता आणि त्याच्या गाठीत किल्ली.

‘‘माय म्हणाली, बाईला माघारी दे.’’

कौसल्येनं हात पुढं केला नाही. ‘‘मला काय देता,’’ ती म्हणाली. ‘‘दार उघडंच आहे अजून. बघून घ्या कोणी राह्यलं का, आणि लावा.’’

तो बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा होता. मग पायातल्या वहाणा काढून तो आत गेला. त्यानं पोत्यांमागं बघितलं, फळ्यामागं बघितलं, कपाट उघडून बघितलं. खिडकीपाशी जाऊन त्यानं गजांतून बाहेर पाहिलं. बाहेर येऊन त्यानं कडी घातली, कुलूप लावलं, दोनदा ओढलं.

‘‘कोणी न्हाई आत,’’ साहेबराव म्हणाला, आणि पायरीवर, आई बसायची तिथं, अंगणाकडं तोंड करून बसला. त्या दिवशी तो मोंढ्यात गेला नाही.